परदेशी विद्यापीठाचा अर्ज आणि सी. व्ही.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'पदव्युत्तर शिक्षणाच्या अर्जासोबत सी. व्ही. जोडावा की नाही, आणि जोडावयाचा तर कसा.' ते जरा थबकले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असणार आणि ती रास्तच होती. मी स्वतः दहावीनंतर कारखान्यात लागलो. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून मी चढलेलो नाही. तेव्हा हा माणूस विलायतेच्या अर्जावर काय सांगणार, असे कोणाला वाटले तर त्याचा मला राग नाही.

परंतु गेल्या सात-आठ वर्षांत युनियनच्या कचेरीत संध्याकाळी येणाऱ्या मंडळींत एक नवा वर्ग दिसू लागला आहे. बाप आमचा सभासद, आणि सोबत त्याचा मुलगा किंवा मुलगी. हातात मोबाईल, मोबाईलवर अमेरिकेच्या नाहीतर जर्मनीच्या एखाद्या विद्यापीठाचा अर्ज उघडलेला. बाप म्हणतो, 'साहेब, तुम्ही इतक्या जणांच्या चार्जशीटला उत्तरे लिहिलीत, एवढे जरा बघा.' मी बघू लागलो. विद्यापीठांची माहितीची पाने मुलांबरोबर बसून वाचली, जाऊन आलेल्यांना विचारले, आणि हळूहळू ध्यानात आले की हे काम मला परके नाही. माणसाने आयुष्यात काय काम केले ते चार ओळींत, पुराव्यानिशी, दुसऱ्याला पटेल असे मांडणे, हेच तर मी तीस वर्षे करीत आलो आहे.

आधी शब्दाचा उलगडा करू. सी. व्ही. म्हणजे 'करिक्युलम व्हीटे'. शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ आयुष्याची वाटचाल असा होतो. रेझ्यूमे हा फ्रेंच शब्द; त्याचा अर्थ सारांश. अमेरिकेत रेझ्यूमे बहुधा एका पानाचा असतो आणि तो नोकरीसाठी, सी. व्ही. विद्येच्या क्षेत्रातला, आणि तो माणसाच्या कामाबरोबर वाढत जातो. म्हाताऱ्या प्राध्यापकाचा सी. व्ही. वीस-पंचवीस पानांचा असला तर कोणी नाक मुरडत नाही. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचा मात्र एक किंवा दोन पानांपुढे गेला की वाचणाऱ्याला पाणी घातल्याचा वास येतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात हा भेद एवढा पाळत नाहीत; तिथे दोहोंना सी. व्ही.च म्हणतात.

आपल्याकडे याचा तिसरा भाऊ आहे, बायोडाटा. हा भाऊ फार घोळ करतो. आमच्या मुलांनी आणलेल्या दहा कागदांपैकी आठांत वर देवाचे नाव, मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, आणि शेवटी 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असे प्रतिज्ञापत्र. उंची आणि रंग तेवढा राहिलेला असतो. हे लग्नाच्या कचेरीतून आलेले वळण आहे. अमेरिकन विद्यापीठाला यांतले काहीही नको असते. इतकेच नव्हे तर ते तिथल्या वाचणाऱ्याला अडचणीचे वाटते. १९६४च्या नागरी हक्कांच्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण, मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई झाली, १९७२च्या कायद्याने स्त्री-पुरुष भेदास. म्हणून सी. व्ही.वर फोटो, वय, धर्म, लग्न यांपैकी काही लिहू नये. नाव, पत्ता, ई-मेल, फोन, बस्स.

आता मुख्य प्रश्न. जोडावा की नाही? अर्जात मागितला असेल तर प्रश्नच उरत नाही. बहुतेक ठिकाणी मागतातच. कुठे 'ऐच्छिक' असे लिहिलेले असते. तिथेही जोडावा, कारण ऐच्छिक म्हणून रिकामे सोडलेले घर वाचणाऱ्यास तसेच रिकामे दिसते. मात्र जिथे अर्जात जागाच ठेवलेली नाही, किंवा 'मागितल्याखेरीज अन्य कागद पाठवू नयेत' असे स्पष्ट लिहिले आहे, तिथे तो मागच्या दाराने ई-मेल करून पाठवू नये. नियम सर्वांना सारखा असावा म्हणून आपणच आयुष्यभर भांडतो. इथे आपणच रांग मोडू नये. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे नियम निराळे असतात. ऑक्सफर्डमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर त्याला कोणते कागद लागतात ते वेगळे दिलेले असते. तेव्हा मित्राने जोडला म्हणून आपण जोडला, हे कारण पुरेसे नाही.

परंतु 'का' मागतात हे कळल्याशिवाय 'कसा लिहावा' हे कळणार नाही. अर्जात चार-पाच कागद जातात. गुणपत्रक परीक्षेतले गुण सांगते. शिफारसपत्रे दुसरे लोक आपल्याविषयी काय म्हणतात ते सांगतात. उद्देशपत्रात आपण का शिकू इच्छितो ते आपण सांगतो. मग केले काय, कधी केले, किती दिवस केले, हे कोण सांगणार? तेवढे काम सी. व्ही.चे. उद्देशपत्र वकिलाचे भाषण आहे असे धरा, तर सी. व्ही. हा हजेरीपट आहे. हजेरीपटात भाषण करू नये आणि भाषणात हजेरीपट वाचून दाखवू नये. आमची मुले दोन्हींत तोच मजकूर लिहितात आणि मिळालेली एक जागा वाया घालवतात.

पीएच.डी.च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती मला माझ्या धंद्यामुळे चटकन दिसली. अमेरिकेत बहुतेक चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ असते आणि त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. त्याबद्दल तो वर्ग शिकवतो, प्रयोगशाळेत राबतो. म्हणजे हा प्रवेश अर्धा प्रवेश आणि अर्धी नोकरभरती आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात निर्णय दिला की खाजगी विद्यापीठांतले असे विद्यार्थी-सहायक हे कायद्याच्या दृष्टीने कामगार आहेत आणि त्यांना संघटना करण्याचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे ४८ हजार शैक्षणिक कामगारांनी संप केला. त्यांची संघटना मोटार कामगारांच्या युनियनची शाखा होती! ज्या कोलंबियात बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन गेले, त्याच कोलंबियातून तो निकाल निघाला, याचे मला मोठे कौतुक वाटते. असो. मुद्दा असा की निवड करणारे प्राध्यापक आपल्याबरोबर पाच वर्षे काम करणारा माणूस शोधत असतात. सी. व्ही. हाती घेऊन ते एवढेच बघतात, की या माणसाने असले काम याआधी कधी हाताळले आहे काय.

लिओनार्दो द विंचीने १४८२च्या सुमारास मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे, आणि पुष्कळ लोक त्याला जगातला पहिला सी. व्ही. म्हणतात. त्यात दहा कलमे आहेत. पूल, तोफा, भुयारे, वेढा फोडण्याच्या युक्त्या असे सारे पुढे, आणि चित्रकला अगदी शेवटी. वाचणाऱ्याला लढाईचा माणूस हवा होता हे त्याने ओळखले. तेवढी अक्कल घेण्यासारखी आहे. पण मला तो सी. व्ही. वाटत नाही. त्यात 'मी करू शकेन' फार आहे, 'मी केले' थोडे. त्याने ते करून दाखवले असतेही. पण लिओनार्दोला जे खपले ते आपल्याला खपणार नाही.

गेल्या वर्षीचीच गोष्ट सांगतो. आमच्या एका सभासदाची मुलगी आली. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातली एम.एस्सी. पहिला वर्ग. बाप हृदयविकाराने दोन वर्षे घरी, म्हणून ती औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागलेली, कंत्राटदारामार्फत. तिने आणलेला सी. व्ही. परदेशी पाठवणी करणाऱ्या एका एजंटाने बनवून दिला होता. रंगीत, दोन रकान्यांचा, कौशल्यापुढे पाचपैकी साडेचार चांदण्या काढलेल्या. त्यात ती 'संशोधन सहायक' होती, एका नियतकालिकात तिचा निबंध 'प्रसिद्ध' होता, आणि एका समाजसेवी संस्थेत तिने तीन वर्षे मुलांना शिकवले होते. कारखान्याची दोन वर्षे मात्र कुठेच नव्हती.

मी विचारले, 'हा निबंध तू लिहिलास?'

ती म्हणाली, 'नाही काका. ते म्हणाले, सगळेच घालतात. छापण्याचे पैसे वेगळे द्यायचे.'

'आणि फॅक्टरी?'

'ते कशाला लिहायचं? कंत्राटी होते मी. अपॉइंटमेंट लेटरसुद्धा नाही.'

तिचा बाप खाली मान घालून बसला होता. घर गहाण टाकून कर्ज काढण्याची बोलणी तोवर झाली होती.

इथे मी जरा रागाने बोललो, ते तिच्यावर नव्हते. निबंध खोटा असेल तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार आणि दुसऱ्या प्रश्नाला गाडी थांबणार. प्रवेश मिळाल्यावर उघडकीस आले तर विद्यापीठ प्रवेश रद्द करू शकते, पदवीही काढून घेऊ शकते. व्हिसाच्या कामी लबाडी सापडली तर ब्रिटनच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. एजंटाचे काय जाते? त्याची फी आधीच घेतलेली. गहाण पडलेले घर कामगाराचे.

पण खरी चूक खोट्या ओळींपेक्षा मोठी होती. खरे काम तिने लाजेने पुसून टाकले होते. मी तिला म्हटले, तू तिथे काय करत होतीस ते मला समजेल असे सांग. ती सांगू लागली. एच.पी.एल.सी. नावाचे यंत्र असते. द्रावणातले घटक वेगळे करून कोणता किती आहे ते ते मोजते. दर पाळीला पंधरा-वीस नमुने ती त्यावर चालवी. यंत्राचे अंशांकन करी, म्हणजे ते बरोबर मोजते की नाही हे प्रमाण द्रावणाने तपासून बघे. एकदा एका घाण्याचा निकाल मर्यादेबाहेर आला. वरिष्ठ म्हणाला पुन्हा चालव आणि चांगला येईल तो लिही. तिने पहिला निकालही नोंदवहीत ठेवला आणि घाणा अडला. दोन नव्या मुलींना तिने काम शिकवले. हे ऐकून मी तिला विचारले, 'बाई, एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत हे यंत्र तुझ्या वाट्याला किती वेळा आले?' म्हणाली, 'दोनदा. तेही लांबून.'

आता सांगा, विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला विकतच्या निबंधाची ओळ हवी की ही दोन वर्षे?

मग आम्ही तो कागद नव्याने लिहिला. सगळ्यांत वर शिक्षण, ताजे आधी. गुण जसे मिळाले तसे आणि कितीपैकी ते लिहून. दहापैकीच्या सरासरीला आपल्या मनाने चारपैकी करू नये, ते करणारे तिथे बसलेले असतात. टक्के असतील तर पुढे 'प्रथम वर्ग' लिहावे, कारण आपल्याकडे साठ टक्क्यांना पहिला वर्ग मिळतो आणि अमेरिकेत साठ म्हणजे काठावर, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. दहावी-बारावीचे गुण काढून टाकले. मग एम.एस्सी.चा प्रकल्प: विषय, मार्गदर्शकाचे पद, तिने स्वतः काय केले, काय निघाले. मग नोकरी. 'गुणवत्ता विभागात कामाची जबाबदारी' या ओळीने काहीच कळत नाही. जबाबदारी प्रत्येकाला असते, पार कोणी पाडली ते सांगावे लागते. म्हणून प्रत्येक ओळ क्रियापदाने संपवली: तपासले, अंशांकन केले, नोंदवले, शिकवले. जिथे आकडा खरा होता तिथे आकडा घातला. औषधांची नावे आणि कृती मात्र घातल्या नाहीत. ती मालकाची गुपिते आहेत आणि ती जपावीत, मालक कसाही असो.

कंत्राटीपणाचे काय? मी सांगितले, जसे आहे तसे लिही: 'अमुक कंत्राटदाराची कर्मचारी, नेमणूक तमुक कारखान्यात.' यात कमीपणा नाही. पुरावा म्हणून भविष्यनिर्वाह निधीची नोंद आहे, पगारपत्रके आहेत, राज्य विमा योजनेचा क्रमांक आहे. १९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील आदर्श नियमांत कायम कामगाराला नोकरी सुटताना सेवा-प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क होता. 'कायम' हा एकच शब्द त्यात होता, आणि त्या शब्दाने किती लाख माणसांचे काम कागदावरून गळाले याचा हिशोब मी इथे काढीत बसत नाही. तिला तिच्या विभागातल्या एका जुन्या रसायनतज्ज्ञाने शिफारसपत्र दिले. त्यालाही आम्ही हा सी. व्ही. आधी पाठवला. हा उपयोग पुष्कळांच्या लक्षात येत नाही: शिफारस करणाऱ्याच्या हाती आपला सी. व्ही. असला म्हणजे त्याचे पत्र मोघम राहत नाही, आणि तारखाही जुळतात.

निबंधांविषयी दोन शब्द. खरा निबंध असेल तर लेखकांची सर्व नावे छापली त्याच क्रमाने द्यावीत. प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला, परीक्षणासाठी पाठवलेला, हे तीन प्रकार वेगळे लिहावेत. 'तयारीत आहे' हा चौथा प्रकार मी सहसा लिहू देत नाही. तयारीत तर सगळेच असते. एकही निबंध नसेल तर ते सदरच घालू नये. पदवीनंतर लगेच अर्ज करणाऱ्या पुष्कळांचा नसतो.

जर्मनीची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे सी. व्ही.ला 'लेबेन्सलाउफ' म्हणतात, तो तक्त्यासारखा लिहितात, डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे काय केले ते; खाली तारीख आणि सही करण्याची पद्धत आहे. फोटो लावण्याची जुनी रीत २००६च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर सैल झाली. भाषा किती येते ते 'उत्तम', 'बरी' असे न सांगता युरोपीय परिषदेच्या ए-१ ते सी-२ या पायऱ्यांत सांगतात. युरोपभर चालणारा 'युरोपास' नावाचा नमुनाही आहे. परंतु सर्वांत मोठा फरक रिकाम्या काळाचा. मधले सहा-आठ महिने कुठे गेले हे जर्मन वाचक शोधतो. आमच्या मुलीच्या कागदात नोकरीपूर्वीचे सात महिने असेच होते. बापाला इस्पितळात ने-आण, आणि शिकवण्या. ती म्हणाली, 'हे कसं लिहू?' आम्ही लिहिले: 'कुटुंबातील आजारपणामुळे शिक्षणात खंड, दहावीच्या सहा विद्यार्थ्यांच्या विज्ञानाच्या शिकवण्या.' पूर्वीच्या कागदातल्या तीन वर्षांच्या समाजसेवेपेक्षा हे सहा विद्यार्थी मला वजनदार वाटले, कारण ते होते.

कोणी म्हणेल की ज्यांच्या बापांना पैसा आहे त्यांची मुले सुट्टीत फुकट काम करून अनुभव विकत घेतात, आणि सी. व्ही. हा त्या सुट्टीचाच हिशोब आहे. यात तथ्य आहे, मी ते नाकारीत नाही. परंतु सगळीकडे तसे नाही. जर्मनीत कासेल विद्यापीठ आणि बर्लिनचे अर्थशास्त्र व विधी महाविद्यालय यांनी मिळून २००४पासून श्रमधोरणांवरचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे. 'ग्लोबल लेबर युनिव्हर्सिटी' या जाळ्यातला. तिथे पदवी लागतेच, पण कामगार चळवळीत काय केले हेही बघतात. युनियनच्या कार्यकर्त्याने तिथे अर्ज करताना गेट-मीटिंगा आणि वाटाघाटी सी. व्ही.तून वगळल्या, तर त्याने आपली निम्मी पात्रता घरी ठेवली. आमच्या एका पदवीधर कार्यकर्त्याने पहिल्या मसुद्यात नेमके हेच केले होते. 'राजकारण' म्हणून गाळले, म्हणाला. त्याला मी पुन्हा लिहावयास बसवले: किती कामगारांच्या वतीने, कोणत्या मागण्यांवर, किती महिने बोलणी, करारावर सही कधी.

बाकी बारीकसारीक गोष्टी. साधा एक रकाना, काळी अक्षरे, पी.डी.एफ. फाईल, फाईलच्या नावात स्वतःचे नाव. चांदण्या, पट्ट्या, घोषवाक्ये नकोत. संगणकात काय येते ते नावानिशी लिहावे. 'इंटरनेट सर्फिंग' लिहू नये, ते आता हमालालाही येते. इंग्रजी एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावे, पण वाक्य आपले असावे. मुलाखतीत बोलणार आपण असतो.

त्या मुलीने चार ठिकाणी अर्ज केले. एजंटाला तिच्या बापाने नाही म्हणून सांगितले. दिलेले पैसे त्याने परत केलेले नाहीत, त्याच्यामागे आम्ही आहोत. चारांपैकी दोन नकार आले. एका ठिकाणचा होकार आला, पण आर्थिक मदतीवाचून, तो तिने सोडला. चौथे विद्यापीठ जर्मनीतले. तिथल्या प्राध्यापकाने ऑनलाइन मुलाखत घेतली, आणि पाऊण तासातला बराच वेळ तो त्या मर्यादेबाहेर गेलेल्या घाण्याविषयीच विचारत होता. पहिला निकाल वहीत का ठेवलास, असे त्याने विचारले. तिथले उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेले नाही. ती अजून त्याच कारखान्यात, दुसऱ्या पाळीला जाते.